असाबीच्या म्हणी आणि हेडमास्तरांचं ताट

आमच्या योरुबा मुलखातल्या ओशोग्बो गावात साखरपुडा म्हटला की दोन बायका ठरवाव्या लागतात. मुलीकडची बसून बोलते, मुलाकडची उभी राहून. दोघी एकमेकींना म्हणींनी अडवतात, चिडवतात, नवऱ्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना पुन्हा पुन्हा साष्टांग घालायला लावतात, आणि दोन्हीकडची माणसं हसून हसून दमली की मुलगी देऊन टाकतात. असाबी बसूनही बोलायची, उभी राहूनही. लोक आधी तिची तारीख घेत, मग मंडपवाल्याची.

ती माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. मी शिवणकाम करते, त्यामुळे तिची मापं मला पाठ आहेत आणि तिच्या म्हणीही. सकाळी पिकली केळी तळताना ती मोठ्यानं सराव करायची. एकदा एका साखरपुड्यात मुलाकडची मंडळी तीन तास उशिरा आली, वर दारात चौथ्यांदा साष्टांग घालायला सांगितल्यावर कुरकुर करू लागली. असाबीनं दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "खडकातला मध खायचा असेल तर कुऱ्हाडीच्या धारेची कीव करू नये. घाला, घाला, पोटावर झोपा. फरशी पुसलेली आहे." सगळे झोपले. त्यांत एक बँकेचा मॅनेजर होता.

अशा बाईची एकुलती एक मुलगी आरिन. असाबीला सगळे 'आरिनची आई' म्हणूनच हाक मारतात. आरिनला तिनं गावातल्या सगळ्यांत महागड्या इंग्रजी शाळेत घातलं. त्या शाळेत आमची योरुबा भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवत. आरिनच्या गळ्यात ती एकदाच आली, तर असाबीनं शाळेला दोष दिला नाही. घरातही योरुबा बंद केली. पोरीनं तहान लागली म्हणून योरुबात पाणी मागितलं, तर आई ऐकू न आल्यासारखी केळी परतत राहायची. पोर इंग्रजीत पाणी मागायची, मग तांब्या मिळायचा. मी एकदा म्हटलं, "अगं, तहान कुठल्या भाषेत लागते हे तरी बघ." ती म्हणाली, "तू तुझी मशीन चालव."

पोरगी शिकली. इबादानला औषधांच्या दुकानात मोठ्या पदावर लागली. बाजारहाटापुरती योरुबा तिला येते, भांडणापुरतीही येते. पण म्हणी तिच्याकडं आल्या त्या स्वयंपाकघराच्या भिंतीआडून, इंग्रजीचा अभ्यास करताना कानावर पडलेल्या. चाल ठाऊक, अर्थ अंदाजपंचे.

तिचं कोलापोशी ठरलं. कोलापो एडे गावचा, अर्ध्या तासावरचा. मुलगा सालस. त्याचे वडील ओयेकान्मी हेडमास्तर, सत्तरीचे, आयुष्यभर योरुबा शिकवलेले. साखरपुडा शनिवारी ठरला. त्याच्या आधीच्या रविवारी आरिन रिवाजाप्रमाणे सासरी जाऊन स्वयंपाक करून आली. म्हणजे, जाऊन आली हे खरं. कशी आली ते मी सांगते.

मी असाबीच्या झग्याची बाही लावत होते. असाबी समोर बसून डोक्याचा फेटा कसा बांधायचा ते आरशात बघत होती. मुलीच्या साखरपुड्यात आईनं गप्प बसायचं असतं, बोलायला दुसरी बाई ठरवलेली असते, म्हणून निदान फेटा तरी उंच हवा असं तिचं म्हणणं. तेवढ्यात आरिन आली आणि चपला न काढताच पलंगावर बसली.

"काय गं? जेवले का ते?"

"जेवले."

"आवडलं?"

"सगळं संपवलं त्यांनी. कुटलेल्या याम कंदाचा गोळा, एगुसीच्या बियांचा रस्सा, मागूर माशाचं डोकं. काही ठेवलं नाही."

"मग रडायला काय झालं?"

आरिननं सांगितलं. जेवण झाल्यावर हेडमास्तर स्वतःचं ताट स्वतः उचलून आत न्यायला निघाले. शिकलेली सून येणार, तिला आपण जुन्या वळणाचे वाटू नये, एवढाच त्यांचा विचार असावा. आरिनला ते फार आवडलं. त्यांना आवडेल असं काहीतरी योरुबात बोलावं असं तिच्या मनात आलं. आणि ताटाला हात लावायला पुढं होऊन ती हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काही न ठेवता खाणाऱ्या वडीलधाऱ्याला आपली टोपली आपणच घरी न्यावी लागते!"

माझ्या हातातली सुई थांबली.

असाबी मात्र आधी हसली. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं हसली. कसबी माणसाला दुसऱ्याचा नेम बसलेला बघून होतो तसा आनंद तिला झाला. "अगं, काय जागेवर बसली म्हण! ताट हातात, आणि..." मग ती थांबली. "पुढं काय म्हणालीस?"

"पुढं काय?"

"म्हणीनंतर. 'क्षमा असावी' म्हणालीस?"

"क्षमा कशाबद्दल?"

असाबी आरशासमोरून उठली आणि खाली जमिनीवर बसली.

आमच्यात लहानानं मोठ्यांसमोर म्हण बोलू नये असं नाही. बोलावी. पण तो लहान तोंडी मोठा घास, म्हणून लगेच पाठोपाठ म्हणायचं असतं, "क्षमा असावी, ही म्हण समजा." त्यावर मोठ्यांनी म्हणायचं असतं, "आणखी म्हणायला जगशील." एवढं झालं की कितीही तिखट म्हण गोड होते. ते राहिलं की ती म्हण उरत नाही, थोबाडीत होते. आणि ही म्हण तर क्षमा मागूनही सासऱ्याला कुणी म्हणणार नाही. वडीलधाऱ्यानं ताटात मुलाबाळांसाठी घासभर ठेवायचा असतो. जो ठेवत नाही, त्याचं ओझं उचलायला पोरं येत नाहीत, असा तिचा अर्थ. खादाड म्हातारा म्हणायचं ते जरा नक्षीदार करून म्हटलेलं.

"मला वाटलं," आरिन रडत म्हणाली, "मला वाटलं चांगला माणूस स्वतःचं काम स्वतः करतो, असा अर्थ आहे."

"मग ते काय म्हणाले?"

"काहीच नाही. ताट खाली ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. आणि कोलापो हसला."

"हसला?"

"घाबरला की हसतो तो."

संध्याकाळी कोलापोच्या काकांचा फोन आला. शनिवारचा मंडप थांबवा, हेडमास्तरांचा विचार बदललाय. सोमवारी आम्ही केलेला फोन त्यांनी उचलला नाही. मंगळवारी बाजारात कांदेवालीनं मला विचारलं, "म्हणी विकणाऱ्या बाईच्या पोरीनं सासऱ्याला खादाड म्हटलं, खरं का?" असाबीला मी हे सांगितलं नाही, पण तिला तिच्या वाट्याची कांदेवाली भेटलीच असणार. त्या दोन दिवसांत तिनं केळी तळली नाहीत.

बुधवारी आम्ही एडेला गेलो. असाबी, तिचा नवरा ओजो, आरिन आणि मी. ओजो फ्रीज दुरुस्त करतो. मला का नेलं, तर असाबी म्हणाली, "कुणीतरी परकं असलं की माणसं जरा बेतानं रागावतात." बसमध्ये ती बोटांवर म्हणी मोजत होती. क्षमेच्या चार, लेकराच्या अजाणपणाच्या तीन, वडीलधाऱ्यांच्या मोठ्या मनाच्या पाच.

"आणि तू," ती आरिनला म्हणाली, "गुडघे टेकायचे आणि तोंड उघडायचं नाही. जांभईलासुद्धा नाही."

हेडमास्तर ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर वर्तमानपत्र. ओजो काही न बोलता पायरीखालीच साष्टांग पडला. आम्ही बायकांनी गुडघे टेकले. हेडमास्तरांनी पाणी मागवलं, पाहुण्यांना द्यायच्या कोलाच्या बियांची बशी पुढं केली. रिवाजात कुठं कमी पडू दिलं नाही. मग म्हणाले, "शब्द म्हणजे अंडं. हातून पडलं की फुटतं. भरून पुन्हा कवचात घालता येत नाही."

असाबीनं पाठीचा कणा सरळ केला. मी तिला ओळखते. हे तिचं मैदान होतं.

"खरंय, बाबा. पण लहानाचा हात फळीपर्यंत पोचत नाही, तसा मोठ्याचा हात तुंब्याच्या तोंडात शिरत नाही. दोघांना एकमेकांची गरज लागतेच."

"पोराकडं मोठ्याइतके नवे कपडे असू शकतात," हेडमास्तर म्हणाले, "मोठ्याइतक्या चिंध्या त्याच्याकडं कुठून येणार?"

"चिंध्या नाहीत म्हणूनच तर चूक झाली, बाबा. उजव्या हातानं लेकराला मारलं, तर डाव्यानं जवळ घ्यावं."

"मारायला मी हात उचललाच कुठं? मी नुसतं दार लावलं."

माझ्या लक्षात आलं, म्हाताऱ्याला मजा येतेय. वर्तमानपत्र खाली घसरलं होतं, डोळे चमकत होते. निवृत्त झाल्यापासून असं कुणी त्यांच्यापुढं उभं राहिलं नसेल. पण माणसाला मजा येते म्हणजे त्याचा राग जातो असं नाही. उलट नीट धार लागते. असाबीच्या ते लक्षात आलं नाही. तिनं हुकमाचं पान टाकलं.

"वडीलधारं माणूस बाजारात असताना पाठीवरच्या तान्ह्याची मान वाकडी राहत नाही. तुम्ही आहात म्हणून तर आलो, बाबा. मान सरळ करा."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाजारात त्या तान्ह्याची आईही होती. ती कुठं गेली होती? लोकांच्या पोरांच्या माना सरळ करायला?"

असाबीचं तोंड उघडं राहिलं. वीस वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. बारा म्हणी बोटांवर होत्या. पाचही वापरून झाल्या नव्हत्या, पण तिची बोटं मिटून गेली. आमच्याकडं म्हणीला बोलण्याचा घोडा म्हणतात. बोलणं हरवलं की त्यावर बसून शोधायला निघायचं. त्या ओसरीवर असाबी घोड्यावरून उतरली.

"नाही शिकवलं मी तिला," ती म्हणाली. "शाळेत पाटी अडकवतात म्हणून घाबरले. पोर मागं पडेल असं वाटलं. लोकांच्या मुलींना सासरी पाठवताना मी शंभर म्हणी द्यायचे, आणि माझी घरात पाणी मागायची तर इंग्रजीत मागायला लावायचे. तिनं म्हटलं ते तिनं भिंतीआडून उचललेलं आहे. अर्थ मी दिलाच नव्हता. रागवायचं तर माझ्यावर रागवा. साखरपुडा मोडू नका, ती दोघं चांगली आहेत."

हेडमास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आता नाही म्हणतील, असं मला वाटलं. एवढ्या ताठ माणसाला एवढं साधं बोलणं पेलत नाही, अशी माणसं उठून आत जातात.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी बोलू का?"

कोलापोची आई. ठेंगणी, गोल, हातात पळी. भेंडी चिरून आली असावी, बोटं चिकट होती, ती कमरेच्या कापडाला पुसत होती.

"तू काय बोलणार?"

"ती पोर चुकून बोलली, अहो. पण खोटं नाही बोलली. चौतीस वर्षं तुमच्या पुढ्यातून ताट परत येतं ते चाटूनपुसून. माशाचा काटासुद्धा लाजत लाजत येतो."

"तूसुद्धा?" हेडमास्तर खुर्चीत सरळ झाले. "चौतीस वर्षं? मग पोरं काय उपाशी मरत होती? पाच पोरं वाढली या घरात, काय वाऱ्यावर?"

"वाऱ्यावर कशाला? तुम्हाला वाढायच्या आधी मी मोठा वाडगा भरून रांजणामागं ठेवते. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"रांजणामागं?"

"झाकण लावून. मांजर होतं ना तेव्हा."

"म्हणजे पोरं आधी जेवायची?"

"आधी पोरं. मग मी. मग तुम्ही."

हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांकडं एकेक करून बघितलं, जणू वर्गात साक्षीदार शोधत होते. "म्हणजे चौतीस वर्षं मी या घरात उरलेलं खातोय?"

"पण चवीनं खाता हो," कोलापोची आई म्हणाली.

ओजो अजून पायरीखाली पालथाच होता. त्याची पाठ हलायला लागली. मी ओठ चावला. असाबीनं मान खाली घातली, पण तिचा फेटा थरथरत होता.

हेडमास्तर मात्र गंभीर. गणित सोडवावं तसं त्यांनी बोट उचललं. "थांबा. थांबा. मी सगळं खात नव्हतो. मुलाबाळांचं आधीच बाजूला निघालेलं असायचं. म्हणजे काही न ठेवता खाणारा वडीलधारा मी नव्हेच. ती म्हण मला लागूच होत नाही!"

"कुणी म्हटलं लागू होते?"

"तूच! आत्ता!"

"मी ताट चाटूनपुसून येतं म्हटलं. त्या ताटात किती वाढायचं ते माझ्या हातात होतं."

म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग तोंड फिरवून आरिनकडं बघितलं. ती खांबाजवळ गुडघ्यांवर होती, आईनं सांगितल्याप्रमाणं ओठ घट्ट मिटून.

"ये इकडं. म्हणीचा अर्थ सांग."

आरिननं आईकडं बघितलं. असाबीनं मान डोलावली.

"आता माहीत आहे," आरिन म्हणाली. "तेव्हा वेगळा वाटला होता."

"तेव्हाचा सांग."

"तुम्ही ताट उचललंत, बाबा. आमच्याकडं कुणी मोठं माणूस असं करत नाही. मला वाटलं, चांगल्या वडीलधाऱ्याचं लक्षण म्हणून ती म्हण आहे. तो काही बाकी ठेवत नाही, म्हणजे काम बाकी ठेवत नाही. खाऊन झालं की आपलं आपण उचलतो." ती थांबली. मग कुणी न सांगता दोन्ही हात जमिनीला लावून म्हणाली, "क्षमा असावी, बाबा. ती म्हण समजा."

तीन दिवस उशिरा. पण म्हटली. आणि हे एकदा म्हटलं की समोरचा मोठा माणूस अडकतो. उत्तर न देणं हाच मग त्याचा अडाणीपणा ठरतो. आम्ही सगळे हेडमास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिलो. आतमध्ये चुलीवर रस्सा फसफसून वर आला तरी कोलापोची आई जागची हलली नाही.

हेडमास्तरांच्या छातीत आधी काहीतरी घरघरलं. मला वाटलं खोकला. पण ते हसू होतं. "काम बाकी ठेवत नाही!" ते म्हणाले. "एवढी वर्षं शिकवली मी ही म्हण, असा अर्थ एकाही गाढवानं काढला नाही!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि आरिनच्या डोक्यावर हात ठेवला. "आणखी म्हणायला जगशील, पोरी. पुष्कळ जगशील. फक्त मला म्हणण्याआधी आईला विचारत जा." मग असाबीकडं बघून म्हणाले, "आणि विहीणबाई, तुम्ही तिला विचारू द्या."

"देईन," असाबी म्हणाली. एवढंच.

"अहो, रस्सा!" कोलापोची आई आत पळाली.

"ओजो, उठा आता," हेडमास्तर म्हणाले. "शनिवारी पुन्हा झोपायचंय, ते माझ्या मुलानं, तुमच्यापुढं."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आम्हाला मागची बाकं मिळाली. असाबी खिडकीशी, तिच्याशेजारी आरिन. पुढं चाललेल्या, कसावाचे कंद भरलेल्या ट्रकच्या पाठीवर पिवळ्या रंगानं योरुबात काहीतरी लिहिलेलं होतं, ते आरिननं मोठ्यानं वाचलं. "बाजाराला एकच वाट जात नाही." ती आईकडं वळली. "याचा अर्थ काय?"

असाबीचं तोंड उघडलं, आणि तिनं ते मिटलं. मी पाहिलं, तिला किती जड गेलं ते. "आधी तू सांग, तुला काय वाटतं."

"एक रस्ता बंद असला तर वळसा घालून जावं. ट्रॅफिकबद्दल आहे?"

शेजारची म्हातारी कोंबड्यांची पाटी सावरत हसली. "ट्रॅफिक नाही गं, बाई. नवऱ्याबद्दल आहे. एक नाही म्हणाला तर दुसरा."

"काहीही काय, मावशी!" पुढच्या बाकावरचा माणूस वळला. "धंद्याबद्दल आहे. कपडा खपला नाही तर मीठ विका."

"देवाबद्दल आहे," कंडक्टर दारात लटकत ओरडला. "मशिदीतून जा नाहीतर चर्चमधून."

अर्धी बस भांडायला लागली. आरिन एकेकाकडं मान वळवून ऐकत होती, मध्येच विचारत होती, मध्येच हसत होती. असाबी तिच्या तोंडाकडं बघत होती, बाहेर नाही.

ओजो इतका वेळ झग्याच्या पुढच्या बाजूची धूळ झटकत होता. तो म्हणाला, "अर्थ सोपा आहे. तुझी आई म्हणींची आख्खी पलटण घेऊन गेली आणि दारातच अडकली. कोलापोची आई एक वाडगा घेऊन आली आणि बाजारात पोचली."

सगळी बस हसली, कोंबड्यासुद्धा फडफडल्या.

"ड्रायव्हर," असाबी ओरडली, "गाडी थांबवा. ह्यांना इथंच उतरू द्या. ह्यांना दुसरी वाट माहीत आहे!"